कामगाराची कंबर



चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, कायद्यांवर मी दररोजच बोलतो आणि ऐकणारे दररोजच जांभया देतात. या खेपेस मला कंबरेवर बोलू द्या. ते थोडे हसले, पण त्यांनी मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून, आणि आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकांवर. तेव्हा मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु गेली तीस वर्षे कामगारांच्या तक्रारी मी वहीत लिहून घेत आलो आहे. त्या वहीत पहिली तक्रार पगाराची असते, दुसरी बोनसची, आणि ही दोन्ही सांगून झाल्यावर माणूस उठताना गुडघ्यावर हात टेकतो व 'आई गं' म्हणतो. ही तिसरी तक्रार तो लिहायला सांगत नाही. तिच्यासाठी कोणाकडे जायचे असते, हेच त्याला ठाऊक नसते.

आपले गाव तीन भाषांचे. मराठी माणूस म्हणतो कंबर धरली. पूर्व भागातली पद्मशाली बाई म्हणते 'नडुमु नोप्पि'. अक्कलकोटकडचा हमाल म्हणतो 'सोंटा नोवु'. दुखणे एकच, आणि ते केवळ आपल्याच गावचे आहे असेही नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने बेजार होती असा अंदाज जगभरच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असे त्यांचे गणित आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. हृदयविकाराने माणूस मरतो म्हणून त्याची बातमी होते. कंबरदुखीने माणूस मरत नाही, फक्त बसून राहतो, म्हणून तिची बातमी होत नाही.

आता आपण या दुखण्याचे काय करीत आलो ते पाहू. पाण्याची कळशी उचलताना, पोते फिरवताना, कधी नुसते शिंकतानाही कंबरेत एकदम चमक येते व माणूस वाकला तसाच राहतो, त्याला आपण 'उसण भरली' म्हणतो. उसणीवर आपल्या आजीबाईंचा उपाय ठरलेला: पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा, त्याने पाठीवर पाय लावायचा, की उसण गेली. यात हसण्यासारखे फार नाही. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआपच ओसरते, हे त्या पायाळूच्या यशाचे मोठे कारण; आणि माणसाने माणसाच्या पाठीला धीराने स्पर्श केला म्हणजे आखडलेले स्नायू काही अंशी सैल पडतात, हे दुसरे. पायाळूच्या पुढची पायरी म्हणजे तालमीतला वस्ताद आणि गावोगावचा हाडवैद्य. निखळलेला खांदा बसवणारी जुनी, कसबी माणसे मी पाहिली आहेत. त्याचबरोबर मोडलेल्या हाडावर घट्ट बांबूच्या कामट्या बांधून हात काळानिळा करून ठेवणारेही पाहिले आहेत.

अलीकडे या मालिकेत नवा पाहुणा आला आहे, त्याचे नाव कायरोप्रॅक्टिक. आमच्या लूमवरची तरुण मुले मला मोबाईलवर चित्रे दाखवतात. एक माणूस पालथा पडलेला आहे, दुसरा त्याच्या पाठीवर झटका देतो, 'कट्' असा आवाज होतो, आणि पडलेला माणूस हसत उठतो. मोठ्या शहरांतून असे दवाखाने निघाले आहेत. आमचा एक विणकर पुण्याला जाऊन आला, आठवड्याची मजुरी देऊन आला. मला त्याने विचारले, 'अण्णा, हे खरे की खोटे?' मी उत्तर देण्याआधी वाचायला बसलो. आजचे व्याख्यान हे त्या वाचनाचे फळ समजा.

या विद्येचा जन्म फार जुना नाही. अमेरिकेत आयोवा संस्थानात डॅव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तेथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचा एक गृहस्थ चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करी. १८९५ च्या सप्टेंबरात त्याने हार्वी लिलार्ड या माणसाच्या पाठीचा एक मणका हाताने दाबून बसवला व त्याचा बहिरेपणा गेला, अशी कथा पामरने स्वतः सांगितली आहे. लिलार्ड कोण होता? तो त्या इमारतीची झाडलोट करणारा कृष्णवर्णीय कामगार होता. अवघडून वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे या विद्येचा पहिला रोगीच वाकून काम करणारा मजूर! इतिहासकारांनी पामरची चरित्रे पुष्कळ लिहिली; लिलार्डला त्यानंतर वाकून काम करावे लागले की नाही, हे मात्र मला कोठे वाचायला मिळाले नाही.

पामरचा सिद्धांत असा की मणके जागचे किंचित सरकतात, त्यामुळे मज्जातंतूंवर दाब येतो आणि त्यातून शरीरातले जवळजवळ सगळे रोग उद्भवतात. मणका जागी बसवला की रोग गेला. शरीरशास्त्र जाणणाऱ्यांनी तेव्हाच हरकत घेतली की ऐकण्याची शीर कवटीच्या आत असते, ती पाठीतून जातच नाही. पामरला परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली तुरुंगही पाहावा लागला. त्याचा धंदा मात्र वाढला. कॅन्सस संस्थानाने १९१३ मध्ये या लोकांना परवाने देण्याचा कायदा केला, आणि लुईझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. मधल्या काळात अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १९७६ साली काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ साली न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला. बहिष्काराच्या हत्याराशी आम्हां युनियनवाल्यांचा जुना परिचय आहे, म्हणून हे प्रकरण मी जरा आवडीने वाचले. परंतु एक ध्यानात ठेवावे. बहिष्कार बेकायदा ठरला, एवढ्याने सिद्धांत खरा ठरत नाही. कोर्टाने व्यापाराच्या स्वातंत्र्याचा निवाडा केला. मणका सरकतो की नाही याचा निवाडा करणे कोर्टाचे कामच नव्हते. आपल्या देशात तर या विद्येसाठी स्वतंत्र कायदा वा नोंदणी-मंडळच नाही. दारावर पाटी लावणारा कोठे व किती शिकला, हे आपले आपणच विचारायचे.

आता मणका खरोखर सरकतो काय? कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. त्यांच्या खाली त्रिकास्थी, म्हणजे पाचरीसारखे एक हाड, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन नितंबास्थी. ही तीन हाडे मिळून एक कडे तयार होते, त्यावर आपले सगळे धड उभे असते. बैलगाडीच्या साट्याला जसा आख, तसे हे कडे. त्रिकास्थी आणि नितंबास्थी यांमधल्या सांध्याला फार मजबूत बंधने आहेत. तो सांधा हलतो, पण एखाद-दोन मिलिमीटर आणि दोन-चार अंश, एवढाच. तेव्हा 'तुमचे कमरेचे हाड सरकले आहे, मी बोटाने चाचपून सांगतो' असे कोणी म्हणाले, तर त्याने एवढेसे हलणारे हाड, वर कातडी, चरबी आणि जाड स्नायू असताना, बोटाने कसे मोजले हा प्रश्न उरतो. पालथे झोपवून दोन टाचा जुळवायच्या आणि 'एक पाय आखूड दिसतो, म्हणून कडे तिरके झाले' असे सांगायचे, ही त्यांची दुसरी आवडती परीक्षा. दोन तपासनीस एकाच माणसाला अशा रीतीने तपासतात तेव्हा त्यांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, असे या परीक्षांचीच परीक्षा घेणाऱ्यांना आढळले आहे. तागडीच दर वेळी वेगळे वजन दाखवीत असेल, तर आपण बाजारात भांडण काढतो. येथे मात्र पैसे देऊन घरी येतो.

आणि तो 'कट्' आवाज! तोच तर सगळ्यांना पटतो. लोक म्हणतात, हाड बसल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला गेला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. १९७१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी तो बुडबुडा फुटण्याचा आवाज म्हटला होता. २०१५ साली कॅनडात बोटांचे सांधे चुंबकीय यंत्रात घालून पाहिले तेव्हा पोकळी तयार होतानाच आवाज येतो असे दिसले. वाद आहे तो एवढाच. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, यावर वाद नाही. आपण बोटे मोडतो तेव्हा काय बोटे बसवीत असतो?

मग झटका दिल्यावर बरे वाटते, ते काय खोटे? तेही खोटे नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. काही रोग्यांना दवाखान्याचा नेहमीचा सल्ला, काहींना व्यायाम, काहींना हाताने मणक्यांवर उपचार, काहींना दोन्ही. हाताच्या उपचाराने तीन महिन्यांनी थोडा ते मध्यम फायदा दिसला, वर्षाने थोडासाच उरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शनाने २०१६ साली असा उपचार चालेल म्हटले, परंतु व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नव्हे. अमेरिकेतल्या वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१७ मध्ये, गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत त्याला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी, व्यायाम आणि नीट समजावून सांगणे यांच्याबरोबर, तो मान्य उपायांत धरला. म्हणजे हात उपयोगी आहे, हाताबरोबर येणारी कथा उपयोगी नाही. आणि हा हात कायरोप्रॅक्टरचाच असला पाहिजे असेही नाही. आपल्या शासकीय रुग्णालयांतला फिजिओथेरपिस्टही हे शिकलेला असतो आणि त्याच्या धंद्यासाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे.

परंतु उपचाराच्या आधी निदान. माझ्या मते सगळा घोटाळा येथेच होतो, म्हणून येथे मी जरा वेळ घेणार आहे.

शंभर कंबरदुखीच्या माणसांत सुमारे नव्वदांच्या बाबतीत नेमके कोणते हाड, कोणती शीर, कोणता स्नायू दुखतो हे कोणत्याही यंत्राने ठरवता येत नाही. डॉक्टर मंडळी याला 'अविशिष्ट' म्हणतात. हे ऐकून आपल्याला वाटते की डॉक्टरला काही येत नाही, आणि 'हाड सरकले' असे ठासून सांगणारा मोठा वाटतो. उरलेल्या दहा माणसांतच खरा धोका लपलेला असतो. चांगला तपासनीस पहिली पाच-दहा मिनिटे बोटे लावीतच नाही. तो विचारतो. दुखणे पायात उतरते काय, गुडघ्याच्या खाली जाते काय? रात्री झोपेतून उठवते काय? ताप, घाम, वजन उतरणे? सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर ताठ असते व हालचालीने सैल होते काय? हे शेवटचे लक्षण तरुण माणसात महिनोन्‌महिने टिकले, तर ती कामाची कंबर नव्हे, सांध्यांचा दाहक आजार असू शकतो. त्यावर वेगळी औषधे आहेत. मग तो चालायला लावतो, चवड्यांवर आणि टाचांवर. पाय सरळ वर उचलून पाहतो. ही पाय उचलण्याची परीक्षा लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. पाय उचलताच मांडीमागून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली, तर गादीतला भाग शिरेला टेकला असण्याचा संभव. त्रिकास्थीच्या सांध्यासाठी मांडीवरून, दोन्ही बगलांवरून, पायाची घडी करून असे निरनिराळे दाब देऊन पाहतात. एका परीक्षेवर निकाल न देता, तीन-चारांनी तेच ठिकाण दुखवले तरच सांध्याला दोष द्यायचा. या सगळ्याला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो. आणि वेळ हीच वस्तू आपल्या दवाखान्यांत सर्वांत महाग झाली आहे, म्हणून वेळेऐवजी एमआरआय लिहून देतात.

त्या एमआरआयचेही थोडे सांगतो, कारण त्यापायी मंगळसूत्रे गहाण पडलेली मी पाहिली आहेत. २०१५ साली काही संशोधकांनी तीन हजारांवर अशा माणसांची चित्रे एकत्र तपासली की ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती. विशीतल्या शंभरांपैकी सदतीस जणांच्या गादीत झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या शंभरांपैकी शहाण्णव जणांच्या. गादी फुगलेली म्हणाल तर विशीतच शंभरांत तीस. न दुखणाऱ्यांची ही गत! तेव्हा कागदावर 'गादी झिजली' असे आले म्हणजे केस पांढरे झाले असे वाचावे. एवढ्यावर शस्त्रक्रियेला उभे राहू नये. गादीतला जो तुकडा बाहेर येतो तो देखील पुष्कळांत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. शस्त्रक्रियेची गरज खरोखर लागते तेव्हा ती करावीच, पण ती सहसा पायातल्या न थांबणाऱ्या कळेसाठी किंवा पायाचे बळ जात असेल त्यासाठी.

आणि एक प्रसंग असा की त्यात एक रात्रही वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, आणि खोगीर टेकते ती जागा, म्हणजे मांड्यांमधला भाग, बधिर झाला, तर त्या क्षणी रिक्षा करून सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. पायाळू नको, वस्ताद नको, कायरोप्रॅक्टर नको. अशा वेळी गेलेला एक दिवस म्हणजे जन्मभराची नळी लावणे ठरू शकते. भगिनी बसल्या आहेत म्हणून हे बोलू नये असे मला कोणी सुचवले होते. पण हे भगिनींनाही होते, म्हणूनच बोललो.

दुसरा शत्रू क्षय. क्षय फक्त छातीचा असतो असे आपण धरून चालतो. मणक्याचाही असतो, पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ सालीच त्याचे वर्णन केले आहे. आमच्या युनियनचा एक सभासद, टॉवेलच्या लूमवरचा, सहा महिने पाठ चोळून घेत होता. रात्री दुखे, संध्याकाळी अंग कोमट होई, सदरा सैल झाला होता. चोळणारा म्हणे, 'शीर धरली आहे.' एका भल्या डॉक्टरने साधा एक्स-रे काढला आणि दोन मणके कुरतडलेले निघाले. औषधे सरकारतर्फे फुकट मिळाली, वर्षभर घेतली, माणूस बरा झाला. त्या सहा महिन्यांत कोणी त्याच्या पाठीवर 'कट्' वाजवला असता तर काय झाले असते, याचा विचार मी करू इच्छीत नाही. याच कारणाने हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध बायका, कर्करोगाचे रोगी, नुकतेच पडलेले, यांना झटका देणे निषिद्ध आहे. कंबरेवरच्या झटक्याने निरोगी माणसाला मोठी इजा क्वचितच होते. मानेवरच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणे, विरळ का होईना, नोंदली गेली आहेत. न्हाव्याच्या खुर्चीत मान मोडून घेणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

उपचाराचे मी थोडक्यात आटोपतो. खाटेवर पडून राहणे हा आपला लाडका सल्ला. हेलसिंकी शहराच्या नगरपालिकेच्या नोकरांवर एक प्रयोग झाला, १९९५ साली प्रसिद्ध झाला. नव्या कंबरदुखीच्या काही नोकरांना दोन दिवस खाटेवर ठेवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, काहींना सांगितले की झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा. तिसरे लोक सर्वांत लवकर बरे झाले. कमरेचा पट्टा? अमेरिकेत नऊ हजारांवर दुकान-कामगारांवर पाहणी झाली, २००० साली निष्कर्ष आला की पट्ट्याने दुखापत टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पट्टे आणि वजन लावून ओढण्याचा उपचार, दोन्ही जुनाट कंबरदुखीसाठी नकोत असे सांगितले. गुळगुळीत कागदात बांधलेले पट्टे एखाद्या कारखान्यात दिवाळीला वाटतात, तेव्हा मला फार बोलावेसे वाटते. शेक घ्या, चार दिवस डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी घ्या, चाला, आणि मग हळूहळू कंबर मजबूत करा.

हळूहळू म्हणजे कसे, ते सोलापूरकरांना मी काय सांगणार! सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत आपण नंदीध्वज पाहतो. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून माणूस अडुसष्ट लिंगांच्या वाटेने चालतो. ती कंबर काय लोखंडाची असते? नाही, मानकरी आधी कित्येक दिवस सराव करतात, एकमेकांना खांदा देतात, पाळी बदलतात. ओझे कंबरेचे वैरी नाही. सरावावाचूनचे, विसाव्यावाचूनचे, आणि नको म्हणण्याची सोय नसलेले ओझे हे वैरी आहे.

आणि येथे मी माझ्या मूळ प्रश्नाशी येतो. हाड सरकले, ते बसवले, आता जा कामावर, ही कथा मालकाला फार सोयीची आहे. दोष हाडाचा ठरतो; लूमचा नाही, सुपाचा नाही, पोत्याचा नाही. विडी वळणाऱ्या आमच्या भगिनी पाहा. आपल्या शहरात त्यांची संख्या साठ-सत्तर हजार सांगतात. मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन, पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे. हजार विड्यांचा हिशेब पुरा होईस्तोवर पाठीचा कमान सरळ होत नाही. त्यातच बाळंतपण. गर्भारपणात कमरेच्या कड्याची बंधने सैल पडतात आणि सुमारे पाचांत एका स्त्रीला त्या सांध्याचे दुखणे लागते. बहुतेकींचे बाळंतपणानंतर जाते, परंतु जिला सवा महिना व्हायच्या आधीच सूप घेऊन बसावे लागते तिचे जायला कोठून जाणार? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट झाली. १९७६ पासून विड्यांवरच्या उपकरातून त्यांच्यासाठी दवाखाने चालत. तो उपकरच २०१७ मध्ये नव्या कररचनेत संपला. लूमवरचा माणूस बारा-बारा तास उभा, आणि भरलेला बीम चार जणांनी उचलायचा तो दोघे उचलतात, कारण बाकीचे दोघे ठेवलेलेच नसतात.

हमालांच्या बाबतीत आपण काही मिळवले आहे. साखरेचे पोते एके काळी शंभर किलोचे असे, ते आज पन्नासाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पंचावन्न किलो ही पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा सुचवली होती. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याविषयी बोलणे ही सभ्य लोकांतही चालणारी गोष्ट झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातही इजा होईल इतके ओझे कोणाला उचलायला लावू नये असे होते. आता तो कायदा नव्या संहितेत गेला. परंतु १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायाने होणाऱ्या रोगांची जी यादी जोडली होती, तीत शिसे होते, पारा होता, कापसाच्या धुळीचा रोग होता, कंबर नव्हती. जर्मनीने वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने होणारा गादीचा आजार १९९३ पासून अशा यादीत घातला आहे. तिथली कंबर आणि इथली कंबर यांत हाडे तेवढीच असतात.

मालकांचे एक सुशिक्षित सल्लागार एकदा वाटाघाटीत माझ्यापुढे एक अभ्यास टाकून म्हणाले, 'कंबरदुखी मनाची असते.' तो अभ्यास मी घरी नेऊन वाचला. अमेरिकेतल्या बोईंग विमान कारखान्यातला, १९९१ सालचा, तीन हजारांवर कामगारांचा. ज्यांना आपल्या कामात जवळजवळ कधीच आनंद वाटत नाही असे कामगार पाठीच्या दुखापतीची तक्रार अडीचपट करतात, असा निष्कर्ष. मी तो खोटा म्हणत नाही. चिंता, झोप नसणे, कर्ज, अपमान यांनी दुखणे वाढते आणि टिकते, हे पुढच्या संशोधनानेही दाखवले आहे, आणि माझी वहीही तेच सांगते. पण या निष्कर्षाचा अर्थ कामगाराचे मन दुरुस्त करा असा कसा होतो? ज्या कामात आनंद नाही ते काम कोणी आखले? लघवीला जायलाही विचारावे लागते हा नियम कोणी केला? पुढल्या बैठकीत मी त्या गृहस्थांना तोच अभ्यास परत दिला आणि म्हटले, साहेब, हे आमच्या मागणीपत्राला जोडा.

त्या मागणीपत्रात कंबरेची कलमे साधी आहेत. बीम हलवायला चाकांची गाडी. दर दोन तासांनी दहा मिनिटे बसायला बाक. विडीच्या ब्रँचमध्ये पाट किंवा ठेंगणी बैठक, म्हणजे ज्या भगिनींना मांडी घालवत नाही त्यांनी पाय सोडून काम करावे. उसण भरलेल्या माणसाला घरी न पाठवता पंधरा दिवस हलके काम. आणि महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची भेट, तीही कामाच्या जागी, म्हणजे त्याला रोग्याबरोबर लूमही दिसेल. गाडीचे कलम दोन कारखानदारांनी मान्य केले आहे. बाकावर अजून अडले आहे. बाक ठेवला की कामगार बसतील, असे त्यांचे म्हणणे आहे. येत्या सोमवारी पुन्हा बैठक आहे.